हाडांची मशागत



या पानावर आपण नेहमी बेणे, खतमात्रा, खोडवा आणि हुमणी यांविषयी बोलत असतो. या अंकात थोडे वेगळ्या विषयावर लिहावयाचे ठरविले आहे. ऊस लावल्यापासून तो वजनकाट्यावर येईपर्यंत जे जे उचलावे, वाहावे, खणावे लागते, ते सर्व शेवटी आपल्या अंगातील हाडांच्या सांगाड्याच्या बळावर होते. ट्रॅक्टरचे ऑईल आपण तासांच्या हिशेबाने बदलतो, बैलाच्या खुरांना वेळच्या वेळी पत्री मारून घेतो. स्वतःच्या पाठीची आठवण मात्र ती धरल्यावरच होते.

मी डॉक्टर नव्हे, शेतकी पदविका घेतलेला माणूस आहे. तेव्हा औषधोपचार सांगण्याचा माझा अधिकार नाही. ते डॉक्टरांकडूनच ऐकावे. पण शिवारात फिरताना एक समज जागोजाग आढळतो. हाड म्हणजे अंगात बसविलेले वाळले लाकूड, वाढ पुरी झाली की झिजायचे तेवढे झिजणार, त्यात आपण काय करणार? हा समज बरोबर नाही. हाड जिवंत आहे. उभ्या पिकाप्रमाणे त्याला खाद्य लागते, ऊन लागते, काम लागते. आणि भलता भार पडला तर तेही मोडून पडते. एवढी एक गोष्ट सभासदांना पटली तरी या लेखाचे काम झाले.

दोनशे सहांचा हिशेब

मोठ्या माणसाच्या अंगात सर्वसाधारणपणे २०६ हाडे असतात. त्यांची फोड अशी. डोक्याची कवटी ८ आणि चेहरा १४ मिळून २२. दोन्ही कानांच्या आत ६. जिभेच्या मुळाशी गळ्यात १. पाठीचा कणा २६. बरगड्या २४ आणि छातीच्या मधले उभे हाड १. खांद्यांसह दोन्ही हात ६४. कमरेच्या दोन हाडांसह दोन्ही पाय ६२. बेरीज करून पाहा, २०६ भरते.

यांतील मांडीचे हाड सर्वांत लांब. माणसाच्या उंचीच्या सुमारे चौथ्या हिश्शाइतके ते असते. सर्वांत लहान हाड कानात, घोड्याच्या रिकिबीच्या आकाराचे, जेमतेम ३ मिलिमीटरचे. आणखी एक गंमत बघा. मनगट धरून एका हाताच्या पंजात २७ हाडे आणि घोट्यापासून एका पावलात २६ हाडे. दोन पंजे व दोन पावले मिळून १०६ झाली, म्हणजे निम्म्याहून अधिक. कोयत्याची मूठ पकडणे, बेण्याचा डोळा न दुखावता टिपरी लावणे, ओल्या बांधावरून तोल सांभाळून चालणे, ही नाजूक कामे एवढ्या लहान लहान तुकड्यांमुळेच जमतात.

तान्ह्या मुलाच्या अंगात मात्र जवळजवळ तीनशे तुकडे असतात. त्यांतील पुष्कळसा भाग कूर्चेचा, म्हणजे कानाच्या पाळीवरच्या भागासारखा लवचीक असतो. मूल वाढते तसे हे तुकडे पक्के होतात आणि काही एकमेकांना जुळतात. कण्यात मुळात ३३ मणके असतात. खालचे पाच जुळून एक हाड होते, त्याखालचे चार जुळून माकडहाड होते, म्हणून मोठेपणी कण्यातील हाडे २६ उरतात.

आपल्याकडच्या जुन्या वैद्यांनीही हाडे मोजली होती. चरकसंहितेत संख्या ३६० येते, तर सुश्रुतसंहितेत ३००. हे आकडे आजच्यापेक्षा मोठे दिसतात, कारण त्या गणतीत दात, नखे, कूर्चा असे भागही धरलेले होते. मोजणीत बांध धरला की क्षेत्र वाढते, तशातला हा प्रकार.

आत काय असते?

लांब हाड आडवे कापले तर ते कळकाच्या जातीचे दिसते. बाहेरून कठीण नळी आणि मधे पोकळी. भरीव काठीपेक्षा तेवढ्याच वजनाची नळी वाकण्याला अधिक टिकते, हे कळकाची शिडी वापरणाऱ्यास सांगावयास नको. हाडाच्या टोकांना, जेथे सांध्याचा भार येतो, तेथे आत स्पंजासारखी जाळी असते. तिच्या बारीक काड्या जिकडून भार येतो त्या दिशेने रचलेल्या असतात.

हाड बनले आहे दोन मालांचे. एक चुन्याच्या जातीचा कठीण क्षार, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फरस. दुसरे प्रथिनांचे चिवट धागे. सिमेंटच्या स्लॅबमध्ये काँक्रीट आणि सळई असते, त्याप्रमाणेच. शाळेतील मुलांना हे घरच्या घरी दाखविता येईल. कोंबडीच्या तंगडीचे हाड स्वच्छ करून काही दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावे. आम्ल क्षार खाऊन टाकते, धागे उरतात, आणि ते हाड रबरासारखे वाकू लागते. दुसरे हाड चुलीत चांगले जाळावे. त्याचे धागे जळतात, क्षार उरतो. आकार तसाच राहतो, पण बोटाने दाबले की भुगा होतो. दोन्ही माल असले तरच हाड टिकते.

हाडाच्या पोकळीत आणि जाळीत मगज असतो. त्यांतील तांबड्या मगजात रक्त तयार होते. दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या रक्तपेशी येथून बाहेर पडतात. एकेक पेशी १२० दिवसांच्या आसपास जगते, म्हणून हा कारखाना बारमाही चालवावा लागतो. त्याला गळीत हंगाम संपला असे कधी म्हणता येत नाही.

आता मुख्य मुद्दा. हाडात दोन प्रकारच्या पेशी सतत काम करीत असतात. एक टोळी जुने, थकलेले हाड पोखरून काढते आणि दुसरी त्या जागी नवे भरते. आपण खोडव्यात नांग्या भरतो, तसेच. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा भाग अशा रीतीने दर वर्षी नवा होतो. म्हणजे दहा वर्षांपूर्वी जे हाड घेऊन आपण फिरत होतो, त्यातला बराच भाग आज बदललेला आहे.

ही दुरुस्ती कोठे किती करावयाची, हे कामावर ठरते. जेथे भार पडतो तेथे हाड जाड होते. जेथे काम नाही तेथे ते विरळ होते. जर्मनीतील शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ साली हा नियम मांडला. अंतराळात वजन जाणवत नाही, तेथे राहणाऱ्या अंतराळवीरांच्या कमरेच्या व मांडीच्या हाडांतून दर महिन्याला एक ते दीड टक्का हाड कमी होते, असे मोजमापात आढळले आहे. महिनोन् महिने अंथरुणाला खिळलेल्या माणसाचेही तसेच होते. तेव्हा कष्टाने हाड झिजते असे सरसकट म्हणू नये. बेताचा, नीट वाटलेला कष्ट हे हाडाचे खतच आहे.

ठेव आणि उचल

मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे एक किलो कॅल्शियम असते आणि त्यातले ९९ टक्के हाडांत व दातांत असते. उरलेले थोडेसे रक्तात व इतर ठिकाणी. पण त्या थोड्यावरच हृदयाचे ठोके आणि स्नायूंची हालचाल अवलंबून असते. आहारातून पुरेसे आले नाही तर शरीर ते हाडांतून काढून रक्तात घालते. म्हणजे हाडे ही एक बँक समजा. खात्यात भर घालणे आपल्या हातात; उचल मात्र शरीर आपल्याला न विचारता करते.

या बँकेत मोठी ठेव साधारण तिशीपर्यंतच जमते. पुढे काही वर्षे शिल्लक कायम राहते आणि मग हळूहळू उतरते. स्त्रियांची पाळी गेल्यावर अंगातील एका संप्रेरकाचे प्रमाण घटते आणि पुढील काही वर्षे ही उतरण फार जलद होते. त्यातच गरोदरपणाच्या आणि अंगावर पाजण्याच्या काळात पुरेसे खाणे मिळाले नसेल तर आधीची ठेवच तोकडी असते. अशा ठिसूळ झालेल्या हाडाची आधी काही सूचना मिळत नाही. दुखत नाही, सुजत नाही. साधे घसरल्याचे निमित्त होते आणि ते मोडते.

आता थोडे स्पष्ट बोलतो, राग मानू नये. आपल्या भागात घरोघरी गाई-म्हशी आहेत. सकाळ-संध्याकाळ किटली भरून डेअरीला जाते आणि घरात चहापुरते दूध राहते. त्यातले पोरांना आणि गड्यांना मिळते. सूनबाई आणि म्हातारी कोऱ्या चहावर. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. गाईच्या अर्ध्या लिटर दुधात सुमारे ६०० मिलिग्रॅम असते. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या आसपास. १०० ग्रॅम तिळात हजाराच्या वर, म्हणजे चमचाभर तिळाची चटणी रोज खाल्ली तरी शंभराच्या आसपास मिळते. शेवग्याचा पाला, मेथी, राजगिरा यांतूनही चांगले मिळते. पालकातील मात्र अंगी फार कमी लागते. नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, वाटीभर दही आणि शेवग्याची भाजी हे काही श्रीमंतीचे जेवण नव्हे. आपल्या आजीच्या ताटात ते होते. डेअरीला घालण्यापूर्वी घरातील प्रत्येक बाईच्या नावाने एक पेला बाजूला काढावा, एवढीच विनंती.

कॅल्शियम पोटात गेले तरी ते अंगी लागण्यास ड जीवनसत्त्व पाहिजे, आणि ते मुख्यतः उन्हामुळे कातडीत तयार होते. शेतात राबणाऱ्यास ऊन कमी नाही. परंतु घरात बसून असणारी वृद्ध माणसे आणि अंगभर कपड्यांत वावरणाऱ्या स्त्रिया यांच्यात ऊन असलेल्या देशातही ड जीवनसत्त्व कमी आढळते. हातपाय उघडे ठेवून रोज थोडा वेळ उन्हात बसावे. डॉक्टर कधी कधी ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा घेण्यास सांगतात. ती काहीजण लवकर गुण यावा म्हणून रोज घेतात. हे धोक्याचे आहे. युरियाचा डोस एकदम टाकला तर पीक जळते, तसा येथेही अपाय होतो.

पाण्याविषयीही एक गोष्ट सांगणे भाग आहे. काही भागांतील भूगर्भातील पाण्यात फ्लोराइड जास्त असते. आपल्या राज्यात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांतून हा प्रश्न आढळला आहे. असे पाणी वर्षानुवर्षे पिण्यात आले तर दात पिवळे-तपकिरी होतात, सांधे आणि पाठ ताठरते. भारतात हा हाडांचा विकार १९३७ साली त्या वेळच्या मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात प्रथम नोंदला गेला. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर ते असेल तर दुसरा स्रोतच शोधावा लागतो. नवीन बोअर मारल्यावर आपण माती-पाणी तपासून घेतो, ते पिकासाठी. पिण्यासाठीही तेच पाणी वापरणार असाल तर फ्लोराइडची तपासणीही करून घ्यावी.

सांधे : उखळ, बिजागरी आणि जाते

दोन हाडे जेथे भेटतात तो सांधा. सुश्रुतसंहितेत सांध्यांचे आठ प्रकार सांगितले आहेत आणि त्यांची नावे घरातल्या वस्तूंवरून दिली आहेत. काख आणि जांघ येथील सांध्याला उखळाचे नाव आहे. कवटीच्या सांध्याला शिवणीचे. आजही हीच तुलना चपखल बसते. खुब्याचा सांधा म्हणजे उखळ. मांडीच्या हाडाचा गोल गड्डू कमरेच्या हाडातील खोबणीत बसतो, म्हणून पाय सगळीकडे फिरतो. कोपर आणि गुडघा दाराच्या बिजागरीसारखे, मुख्यतः एकाच दिशेने उघडतात आणि मिटतात. मानेतील पहिले दोन मणके म्हणजे जाते. खालच्या मणक्याचा खुंटा वर आलेला असतो आणि वरचा मणका त्याभोवती फिरतो. आपण मान हलवून नाही म्हणतो ते या खुंट्याच्या जिवावर.

हलत्या सांध्यात हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचे अस्तर असते, आणि भोवतीच्या पिशवीत वंगण असते. गुडघ्यातले हे वंगण चमचाभरही भरत नाही, पण त्यावर सारी चाल आहे. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. चालताना ती दाबली जाते आणि सुटते, तेव्हा ओल्या स्पंजाप्रमाणे वंगण आत-बाहेर होते आणि त्यातूनच तिचे पोषण होते. म्हणून सांधा अगदी निजवून ठेवणे चांगले नाही. आणि एकदा झिजलेली कूर्चा सहजासहजी भरून येत नाही, हेही लक्षात ठेवावे.

सपाट रस्त्याने चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार येतो. अंगावर पाच किलो वजन वाढले तर गुडघ्याला ते पाच किलो राहत नाही. गुडघे कुरकुरणाऱ्याने आधी वजन आटोक्यात आणावे. मांडीचे स्नायू बळकट असले तर गुडघ्याला आधार मिळतो. त्यासाठी बाजेवर बसून एक पाय समोर सरळ करावा, पाच अंक मोजेपर्यंत धरावा आणि खाली घ्यावा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा. खुरपणीला तासन् तास उकिडवे बसणाऱ्या बायकांनी मधूनमधून उठून दहा पावले चालावे. मुकादमाने याला कामचुकारपणा म्हणू नये.

कण्याचा काटा

वजनकाट्याशी आपले सर्वांचे जवळचे नाते. तेव्हा कण्याचा हिशेब काट्याच्याच भाषेत सांगतो. जुन्या ताणकाट्यात लांब दांडीवर लहान वजन सरकवून दुसऱ्या बाजूचे मोठे पोते तोलता येते. वाकून ओझे उचलताना आपली कंबर हाच काट्याचा टेकू होतो. ओझे टेकूपासून लांब असते, आणि पाठीचे स्नायू जेथून ओढतात ते अंतर मात्र जेमतेम पाच सेंटिमीटर.

युरियाची गोणी ४५ किलोची. ती कण्यापासून ४० सेंटिमीटर दूर धरून उचलली तर अंतर आठ पट झाले. म्हणजे ढोबळ हिशेबाने स्नायूंना ३६० किलोची ओढ लावावी लागते आणि तेवढा दाब मणक्यांवर येतो. वाकलेल्या धडाचे वजन वेगळेच. तीच गोणी पोटाशी घेऊन, गुडघे वाकवून, २० सेंटिमीटरवर धरली तर १८० किलो. गोणी तीच, माणूसही तोच. पाठीवरचा भार निम्मा.

मणक्यांच्या मधे चिवट कड्याच्या आणि आत मऊ गराच्या चकत्या असतात. धक्के सोसावयाचे काम त्यांचे. वाकलेल्या स्थितीत भार घेऊन एकदम अंग पिळले की कडे फाटून गर मागे सरकतो आणि पायाकडे जाणाऱ्या शिरेवर दाबतो. मग कमरेपासून पोटरीपर्यंत कळ जाते. म्हणून ओझे उचलताना पाय फाकवावेत, गुडघ्यात बसावे, ओझे अंगाशी घ्यावे, उठावे, आणि वळावयाचे तर पावले टाकून वळावे. पन्नास किलोची गोणी दोघांनी धरावी. यात कमीपणा काही नाही. पाठीवरच्या फवारणी पंपाचे दोन्ही पट्टे खांद्यावर घ्यावेत, एकाच खांद्यावर लटकवू नये. ट्रॅक्टरच्या सीटची स्प्रिंग गेली असेल तर ती आधी बदलावी. चालविणाऱ्याने तासाभराने खाली उतरून पाठ सरळ करावी.

येथे आपल्या तोडणी मजुरांचा विचार केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पहाटे अंधारात वाकून तोड, मग मोळी बांधणे, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणे, असे काम महिनोन् महिने चालते. त्यात बाई-माणूस जोडीने असते. डोक्यावरचा भार थेट मानेच्या सात मणक्यांवर येतो, आणि डुगडुगत्या फळीवर पाय घसरला तर हाड मोडण्यास क्षण पुरतो. यात सभासदाच्या हातात पुष्कळ आहे. फडापर्यंत वाहन येईल असा रस्ता तोड येण्याआधी करून द्यावा. पाणी वेळेत बंद करून रान वाळू द्यावे, म्हणजे चिखलात पाय रुतणार नाहीत. मोळी लहान बांधू द्यावी. दोन खेपा जास्त झाल्या तरी चालतील. फळी रुंद आणि पक्की आहे ना, हे स्वतः पाहावे. ऊस आपला आहे, तो ज्यांच्या मानेवरून जातो ती माणसेही आपलीच समजावीत.

मोडल्यावर काय करावे, काय करू नये

हाड मोडले की शरीर स्वतःच ते सांधू लागते. प्रथम रक्त गोठते, दोन-तीन आठवड्यांत मऊ गाठ धरते, पुढे ती पक्की होते. हाताच्या हाडाला साधारण दीड महिना, नडगीला तीन महिने किंवा अधिक लागतात. लहान मुलांचे हाड हिरव्या फांदीसारखे असते. ते पुरते तुटत नाही, एका बाजूने चिरते आणि वाकते, म्हणून वरून लक्षात येत नाही. मूल हात हलवीत नसेल तर एक्स-रे काढावा. जर्मन शास्त्रज्ञ राँटगेन यांनी १८९५ साली हे किरण शोधले आणि त्याच वर्षी पत्नीच्या हाताच्या हाडांचे चित्र घेतले. तेव्हापासून अंदाजाने हाड बसविण्याची गरज उरलेली नाही.

मोडलेला भाग आहे त्या स्थितीत आधार देऊन बांधावा. बांबूच्या कामट्या, जाड पुठ्ठा, घडी केलेली घोंगडी, काहीही चालते. वरचा व खालचा असे दोन्ही सांधे हलणार नाहीत अशा बेताने बांधावे. चोळू नये, ओढू नये, तेल लावून मळू नये. हाड कातडी फोडून बाहेर आले असेल तर आत ढकलू नये, स्वच्छ कापडाने झाकावे. मानेला किंवा पाठीला मार असेल तर माणसाला उचलून बसवू नये. फळीवर सरळ, सर्वांनी मिळून एकदम घ्यावे.

गावोगावी हाडे बसविणारी मंडळी आहेत आणि लोकांचा त्यांच्यावर विश्वास आहे. त्यांची कुचेष्टा करण्याचा माझा हेतू नाही. पण एक गोष्ट जपावी. आवळून बांधलेली पट्टी हाडापेक्षा जास्त नुकसान करते. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडासाठी बांबू आणि झाडांच्या साली यांच्या पट्ट्या सांगितल्या आहेत, आणि तेथेच इशारा आहे की बंध सैल असेल तर सांधा स्थिर होत नाही आणि फार घट्ट असेल तर सूज, वेदना होऊन तो भाग पिकतो. जर्मनीचे फोल्कमन यांनी १८८१ साली घट्ट पट्टीने रक्त अडून हात कायमचा आखडतो हे दाखवून दिले. इतक्या जुन्या काळापासून ठाऊक असलेली गोष्ट, तरी आजही घडते. बांधल्यावर बोटे गार पडली, पांढरी किंवा निळी झाली, मुंग्या आल्या, बोटे सरळ करताना असह्य कळ आली, तर रात्र काढू नये. पट्टी तेथल्या तेथे सैल करावी आणि दवाखाना गाठावा. रक्त अडलेला स्नायू काही तासांतच मरतो. मग हाड जुळून काय उपयोग?

म्हातारी माणसे

सर्वांत महत्त्वाचे शेवटी सांगतो. आपल्या गटांतून वरचेवर कानावर येते की अमक्याची आई न्हाणीघरात घसरली, कमरेला मुका मार लागला म्हणून खोलीत निजवून ठेवली आहे. वयस्क माणूस घसरल्यानंतर उभे राहू शकत नसेल, एक पाय आखूड दिसत असेल आणि पाऊल बाहेरच्या बाजूला पडलेले असेल, तर तो मुका मार नव्हे. खुब्याजवळचे हाड मोडलेले असण्याचा संभव फार. असे माणूस निजवून ठेवले की पाठीला जखमा होतात, छातीत कफ साचतो, पायात रक्ताच्या गाठी होतात. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी सुमारे पाचांतील एक वर्षभरात दगावतो, असा अनेक देशांतील अनुभव आहे. तेच माणूस पहिल्या एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया होऊन लवकर उभे केले तर पुन्हा अंगणात चालू लागण्याची आशा असते. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९६२ पासून धातूचा गोळा आणि प्लास्टिकची वाटी वापरून खुबा बदलण्याची पद्धत पक्की केली. आज जिल्ह्याच्या ठिकाणी अशा शस्त्रक्रिया होतात. वय झाले, आता काय करायचे, असे म्हणून आईला खोलीत ठेवू नये. तिचे वय झाले आहे, तिची वेळ आलेली नाही.

न पडण्याची व्यवस्था तर फार स्वस्त आहे. न्हाणीतील शेवाळ दर आठवड्याला घासावे. संडास-न्हाणीच्या भिंतीला धरण्यासाठी पाईप बसवावा. रात्री एक दिवा चालू ठेवावा. उंबऱ्यापाशी पोती-पाईप टाकू नयेत. चष्म्याचा नंबर तपासावा. बिडी-सिगारेट हाडांनाही मारक आहे, ती सोडावी. सांधेदुखीवर कोणी नाव नसलेली पुडी दिली आणि दोन दिवसांत चमत्कार वाटला, तर त्यात स्टेरॉईड असू शकते, हे ध्यानात धरावे. ते फार दिवस पोटात गेले की हाडे पोखरतात.

पाठदुखी बहुधा काही आठवड्यांत हालचाल ठेवून बरी होते. परंतु दुखण्याबरोबर ताप येत असेल, वजन घटत असेल, रात्री कळ वाढत असेल, तर पाठीच्या क्षयाची शंका घेऊन तपासणी करावी. पायातील शक्ती जात असेल किंवा लघवीवर ताबा राहत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

सभासदहो, उसाच्या एकरी उताऱ्याचा आपण हिशेब ठेवतो. हाडांचा उतारा घरातील माणसे सत्तरीत कशी चालतात यावरून कळतो. त्याची लागण आज करावी लागते. येत्या हंगामाची तोड सुरू होण्यापूर्वी तीन कामे करावीत : फडाचा रस्ता, न्हाणीचा पाईप, आणि डेअरीच्या किटलीआधी घरातल्यांचा दुधाचा पेला. तिन्ही मिळून खर्च फार नाही.

कळावे.

— ऊस विकास अधिकारी